आधी विग, मग चष्मा

विग घातला की चष्मा घसरतो आणि कानशिलं ठणकतात, असं एकीने विचारलंय. केमोनंतर पहिले दोन आठवडे माझंही हेच चाललं होतं. चूक माझीच, चष्म्याची काडी मी विगच्या कडेवर टेकवत होते. विगला दोन्ही बाजूंना छोटी टोकं असतात, बहुधा आत वाकणारी तार घातलेली. ती कानावर नाही, कानापुढे सपाट बसायला हवीत. मग काडी केसांखालून सरकवून थेट कानावर. तिचं टोक फार वळलेलं असेल तर विगच्या आतल्या जाळीत अडकतं. चष्मेवाल्याने माझ्या काड्या गरम करून जरा सरळ करून दिल्या, पैसेही घेतले नाहीत.

झुमके विसरा, केसांत गुंततात. कुड्या बऱ्या. मास्क नाड्यांचा, मानेमागे केसांखालून बांधायचा.

आणि सिंथेटिक विग घालून गॅसपाशी जाऊ नका! कुकरच्या वाफेने, कढईच्या धगीने पुढच्या बटा आक्रसतात. माझा पहिला विग दसऱ्याच्या पुऱ्या तळताना गेला. आता स्वयंपाकघरात सुती टोपी, कोण बघतंय?