डिपार्टमेंटने कुठल्या ओपन सोर्स सिस्टिम सांभाळायच्या?

लॅबवाला: आमच्या संगणक विभागात सध्या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमचे पाच प्रकार चालू आहेत, उबंटू, डेबियन, फेडोरा, एका सरांची फ्रीबीएसडी (एवढी एकच लिनक्स नव्हे) आणि कोपऱ्यातला एक सेंटओएस ७ चा सर्व्हर, ज्याचे अपडेट ३० जून २०२४ ला संपले तरी त्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. सांभाळणारे आम्ही दोघं. माझं मत, लॅबच्या मशीनवर उबंटू एलटीएस (अनेक वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती), सर्व्हरवर अल्मा लिनक्स, बास. बाकी ज्याला जे आवडेल ते त्याने आपल्या लॅपटॉपवर टाकावं, वायफाय आणि प्रिंटरपुरतं बघू, पण अपडेटनंतर स्क्रीन काळा झाला म्हणून आमच्या दारात येऊ नये. सपोर्ट म्हणजे नुसतं इन्स्टॉल करून देणं नव्हे हो, प्रॅक्टिकलच्या सकाळी सगळ्या लॅबचं लॉगिन अडकलं तर धावणार कोण, ते ठरवणं म्हणजे सपोर्ट.

फेडोरा_फॅन: म्हणजे तुमची सोय म्हणून पोरांनी जुनंच वापरायचं? एलटीएस दोन वर्षांनी येते, तोवर कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) शिळा. संगणक शिकवणाऱ्या विभागाने तरी नवीन वापरायला घाबरू नये.

लॅबवाला: दादा, फेडोराच्या एका व्हर्जनला साधारण १३ महिने अपडेट मिळतात, म्हणजे दर वर्षी अख्खी लॅब अपग्रेड, तेही दोन सेमिस्टरच्या मधल्या फटीत. नवा कंपायलर हवा तर कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात घ्या, त्याला कुणाची ना नाही. आणि उलटा त्रास आम्ही रोज बघतो, पोरगं घरी नव्या फेडोरावर कंपाइल करतं, तीच फाइल लॅबमध्ये चालवतं आणि जीलिबसी या मूळ लायब्ररीचं तेवढं नवं व्हर्जन सापडत नाही म्हणून एरर येते, मग म्हणे लॅब खराब आहे.

टर्मिनल_तात्या: मुद्दा बरोबर, निवड चूक. कंपनीच्या भरवशावर कशाला राहता? सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं सांगितलं होतं, मग डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीने ते २०२१ च्या शेवटी संपणार असं जाहीर केलं. ज्यांनी नुकतंच सगळं ८ वर नेलं होतं त्यांना जेमतेम वर्ष मिळालं. अल्मा त्यातूनच जन्मली, चांगली आहे, पण ती पण रेड हॅटच्याच मागे चालते. डेबियन घ्या. तिथे मालकच नाही, त्यामुळे एका सकाळी कुणाच्या मीटिंगमध्ये तिचा गळा दाबला जात नाही.
आणि उबंटूबद्दल, एलटीएसमध्ये २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमध्ये, म्हणजे उबंटूच्या बंदिस्त पॅकेजमध्ये आलाय. तुमचे होम फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सर्व्हरवर) आणि तेही नेहमीच्या जागेबाहेर असतील तर ब्राउझर उघडताना काय होतं ते एकदा बघा.

लॅबवाला: बघितलंय तात्या, दोन दिवस गेले त्यात 😅 शेवटी स्नॅप काढून साधं पॅकेज बसवलं. पण संशोधनवाल्यांची विकतची सॉफ्टवेअर उघडून बघा, बऱ्याच ठिकाणी "उबंटू किंवा रेड हॅट" एवढंच लिहिलेलं असतं. डेबियन म्हटलं की त्यांचा सपोर्ट हात वर करतो.

फेडोरा_फॅन: मालक नाही म्हणून सुरक्षित हे काय लॉजिक, एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं काय झालं?

टर्मिनल_तात्या: मार्च २०२४ ला एक्सझेडमध्ये जो चोरदरवाजा सापडला, तो डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत आणि तुमच्या फेडोराच्या रॉहाइडपर्यंत, म्हणजे अजून तयार होत असलेल्या आवृत्त्यांपर्यंत पोचला होता, डेबियन स्टेबल या पक्क्या आवृत्तीत नव्हता. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे कुणीतरी खोदून पाहिलं म्हणून कळलं. शिळं म्हणता ना, ते शिळंच वाचलं.

पहिला_बेंच: विद्यार्थी म्हणून बोलतो, फ्रीबीएसडी काढू नका प्लीज. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला लिनक्सपेक्षा वेगळा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, समोर असला की पुस्तकातलं डोक्यात शिरतं. सगळीकडे उबंटू असेल तर आम्हाला उबंटूच येईल.

लॅबवाला: ते पटलं. पण त्यासाठी मशीन कशाला अडकवायचं, व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरमध्येच चालणाऱ्या मशीनची) एक इमेज ठेवू, बिघडली की नवी कॉपी. सरांना विचारतो, मात्र इमेज ताजी ठेवायची ती त्यांनी.

टर्मिनल_तात्या: आणि डेबियन?

लॅबवाला: दहा मशीनवर लावून बघतो एक सेमिस्टर. एलडॅपचं लॉगिन (सगळ्या मशीनवर एकच खातं) आणि होम फोल्डरचं माउंट नीट झालं तर बोलू, नाही झालं तर तुम्हालाच बोलावणार. आता आधी तो सेंटओएसचा डबा, त्यावर नक्की काय चालतंय हेच कुणाला माहीत नाही.