मदत हवी आहे : एआय कोडिंग सहाय्यकाला इंडेक्सवाला शोध कसा जोडावा?

नमस्कार मंडळी,

आमचा सगळा कोड एकाच अवाढव्य रेपोत (गिटमधल्या कोडच्या साठ्यात) आहे, तोही नेटवर्क डिस्कवर. एआय सहाय्यक काहीही शोधायचं झालं की रिपग्रेप (फाइलींतला मजकूर शोधणारं टूल) चालवतो. रिपग्रेप चपळच आहे, पण तो इंडेक्स (आधीच बनवलेली शोधसूची) ठेवत नाही, दर वेळी फाइली नव्याने चाळतो. सहाय्यक एका कामासाठी असे शोध एकामागून एक लावतो आणि आम्ही बसतो वाट बघत.

म्हणून झोएक्ट हे कोड शोधायचं इंजिन लावलंय. ते मजकुरातल्या लागोपाठच्या तीन-तीन अक्षरांचा इंडेक्स बांधतं, त्यामुळे रेगेक्स (शोधायचा नमुना) तपासायच्या आधीच बहुतेक फाइली गळतात. एमसीपी (एआयला बाहेरची टूल्स जोडायची पद्धत) सर्व्हरमधून ते सहाय्यकाला टूल म्हणून दिलंय. उत्तर झटक्यात येतं.

घोडं अडलंय ते इंडेक्स ताजा ठेवण्यात. सहाय्यक स्वतःच फंक्शन बदलतो, लगेच तेच शोधतो आणि इंडेक्स त्याला जुनी ओळ दाखवतो. मग पठ्ठ्या तीच दुरुस्ती पुन्हा करायला घेतो! कमिट झालेला (गिटमध्ये नोंदवलेला) कोड झोएक्टकडे आणि गिट स्टेटसमधल्या बदललेल्या, अजून कमिट न झालेल्या फाइली रिपग्रेपकडे, अशी वाटणी डोक्यात आहे. कुणी केलीय का? दोन्हींचे निकाल एकत्र करताना जुन्या ओळी कशा गाळता? वॉचमन (फाइलींतल्या बदलांवर नजर ठेवणारं टूल) नको, कारण ते लिनक्सच्या आयनोटिफाय सोयीवर चालतं आणि दुसऱ्या मशीनवरून नेटवर्क डिस्कवर झालेले बदल आयनोटिफायला कळतच नाहीत.

आणि एका वेळी किती निकाल देता? शेकडो ओळी ओतल्या की सहाय्यकाचा कॉन्टेक्स्ट (एका वेळी तो ध्यानात घेऊ शकतो तेवढा मजकूर) त्यातच भरून जातो.

लिनक्स आहे. कोड बाहेर पाठवायची परवानगी नाही, तेव्हा क्लाउडवाले पर्याय कृपया सुचवू नका.