पालक, अंडी आणि उरलंसुरलं: तुमच्याकडे काय काय होतं?

काल पालक निवडताना देठांचा ढीग बाजूला पडला आणि एकदम आजी आठवली. ती देठं टाकूच द्यायची नाही. बारीक चिरून कांद्याबरोबर आधी देठं परतायची, मग पानं, आणि पानांचं पाणी पार आटेपर्यंत तिथनं हलायची नाही. मग त्यात आदल्या दिवशीचे उकडलेले बटाटे, कधी मूठभर भात, जे काय वाटीत उरलेलं असेल ते. शेवटी फेटलेली अंडी वरून ओतायची आणि झाकण. कडेचा भाग कुरकुरीत व्हायचा आणि त्यावरून आम्हा भावंडांची जाम भांडणं. तिने कधी त्याला नाव ठेवलं नाही, कारण दर वेळी वेगळंच बनायचं. काल मी देठांसकट केलं, लेकीने मागून घेतलं परत. खूप बरं वाटलं.

तर सांगा, तुमच्या पालक-अंड्यात काय काय जातं? नुसती कृती नको हं, कोण करायचं, कोणाला आवडायचं ते पण लिहा.

*

देठांबद्दल अगदी अगदी!! गोडसर लागतात. फक्त मुळापाशी माती अडकलेली असते ती नीट बघायची. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पालक बुडवायचा, हलवायचा आणि वरच्या वर उचलून घ्यायचा, माती तळाशी राहते. पाणी ओतून दिलं तर तीच माती परत पानांवर येते.

*

पाणी हाच खरा मुद्दा आहे. पालकात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, भलीमोठी जुडी आळून वाटीभर होते. ते पाणी आधी काढलं नाही तर अंड्यात सुटतं आणि ऑम्लेट खालून ओलं, वरून रबर. आमचे बाबा रविवारी करायचे, बाकी दिवस स्वैपाकघरात पाऊल नाही पण ह्या एका पदार्थात कोणाला हात लावू देत नसत. गरम पॅनमध्ये तेल न घालता पानं, झाकण न ठेवता, दोन मिनिटांत मऊ पडतात. मग चाळणीत, आणि हात लावण्याइतकी गार झाली की मुठीत घेऊन कचकून पिळायची. एवढं हिरवं पाणी निघतं की बघतच राहावं. ते सूपमध्ये जायचं. मग पिळलेला गोळा सुरीने परत मोकळा करायचा, नाहीतर अंड्यात एकाच जागी हिरवी गाठ राहते.

*

ऑफिसात बसून वाचतेय, लंचला अजून तास आहे, अन्याय आहे हा

*

मी रात्रपाळी करते त्यामुळे माझं सगळं मफिनच्या ट्रेमध्ये. पिळलेला पालक, उरलेली कुठलीही सुकी भाजी, चीज, एका साच्याला साधारण एक अंडं या हिशोबाने फेटून ओतायचं, १८० डिग्रीला वीसेक मिनिटं. मधोमध जरा हललं तरी बाहेर काढते, आतल्या उष्णतेने नंतर सेट होतं. जास्त भाजलं की अंडं आकसतं आणि स्वतःचंच पाणी सोडतं, मग वाटतं पालकाचं पाणी राहिलं पण तसं नसतं. गार करून फ्रीजरला. पहाटे तीनला भूक लागते तेव्हा दोन मफिन आणि गरम चहा, वॉर्डात तेवढीच पाच मिनिटं आपली असतात.

*

रात्रपाळीवाल्या ताई, तुम्हाला सलाम. आई हॉस्पिटलात होती तेव्हा तुमच्यासारख्याच एका सिस्टरने तिच्यासोबत मलाही खाऊ घातलं होतं. विषय सोडून लिहिलं पण राहवलं नाही.

*

😊 लिहा हो, बिनधास्त. आई कशा आहेत आता?

*

एकदम छान. आता तीच मला जेवलीस का विचारते.

*

एक विचारायचं होतं, सासऱ्यांना रक्त पातळ करायची गोळी आहे, वॉरफरिन. घरात सगळे म्हणतात पालक बंदच करा. त्यांना तर पालक घातलेली भुर्जी जीव की प्राण.

*

माझ्या वडिलांना पण तीच आहे. पालकात व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं, म्हणून भानगड. पण आमच्या डॉक्टरांनी बंद नाही करायला सांगितलं, प्रमाण सारखं ठेवा म्हणाले. म्हणजे एक आठवडा रोज आणि पुढचे तीन आठवडे काहीच नाही असं नको. तुम्ही त्यांच्या डॉक्टरांना विचाराच, डोस त्याप्रमाणे ठरवतात. आम्ही आठवड्यातले ठरावीक वार ठेवलेत, वडील त्या दिवशी सकाळपासून खूश असतात. सासऱ्यांना मिळू दे त्यांची भुर्जी.

*

भाताचं वर वाचलं म्हणून लिहितो, भात घाला पण तो वेळेवर फ्रीजमध्ये गेलेला असू दे. रात्रभर ओट्यावर राहिलेला नको. तांदळात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि जे विष तयार करतात ते परत गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत फ्रीज, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. शिजवलेल्या पालकाचं पण तसंच, उघड्यावर ठेवला तर त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट व्हायला लागतं, तान्ह्या बाळांना तर असा राहिलेला पालक देऊच नये. उरलेलं संपवणं चांगलंच आहे पण ते चांगलं राहिलेलं असलं पाहिजे ना आधी. मी हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो, आमच्याकडे डब्यावर तारीख टाकल्याशिवाय काही आत जात नाही, तीच सवय घरी लावली. बायको आधी वैतागली, आता तीच पेन शोधत असते.

*

तारखेची आयडिया मस्त. मी चिकटपट्टी लावते.

*

कॉलेजात असताना माझी रूममेट इराणची होती. ती नर्गेसी करायची. कांदा भरपूर, अगदी सोनेरी होईपर्यंत, घाई नाही, त्यात हळद आणि लसूण, मग पालक. पाणी आटलं की चमच्याने खळगे करून त्यात अख्खी अंडी फोडायची, फेटायची नाहीत. मंद आच, झाकण. पांढरं घट्ट झालं आणि बलक अजून थरथरतोय अशा वेळी गॅस बंद. परीक्षेच्या दिवसांत एकाच पॅनमधून खायचो, बोलायचो फार कमी. ती आता दुसऱ्या देशात असते, मुलं झाली, पण अजूनही पालक आणला की मला फोटो पाठवते. मी पण पाठवते. बाकी काही लिहायची गरजच नसते.

*

हे वाचून डोळे भरले. मैत्रिणीला आमचाही नमस्कार सांगा.

*

पॉपायमुळे पालक खाल्लेले कोण कोण आहेत इथे? हात वर करा

*

✋✋ आमच्याकडे दंडाचं माप घ्यायचो खाऊन झाल्यावर

*

पॉपाय १९२९ साली आला पण त्याच्या आधीपासून पालकाच्या लोहाचा गवगवा होता. लोह असतं, १०० ग्रॅमला २.७ मिलिग्रॅमच्या आसपास, पण त्यातलं शरीराला फार थोडं लागतं. लिंबू पिळलं तर जास्त लागतं, व्हिटॅमिन सी मुळे. फक्त लिंबू शेवटी, ताटात घेतल्यावर. शिजताना आंबट घातलं तर हिरवा रंग जाऊन मातकट होतो. झाकण ठेवून शिजवलं तरी तेच, पालकातली आम्लं वाफेबरोबर बाहेर जायला हवीत. पालक आधी उघडाच शिजवायचा आणि झाकण अंडी घातल्यावर. आजींनी बरोब्बर तसंच केलेलं दिसतंय!

*

हो हो तस्संच! (धागा मीच काढलाय.) आजी शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण हाताला सगळं माहीत होतं.

*

उकडलेली अंडी उरली तर मायक्रोवेव्हमध्ये अख्खी गरम करू नका प्लीज, आत वाफ कोंडते आणि फुटतात, कधीकधी बाहेर काढून सुरी लावल्यावर. चेहऱ्यावर उडालं तर भाजतं. मी अर्धी कापून गरम पालकाच्या ग्रेव्हीत ठेवते, दोन मिनिटांत होतात गरम. बलकाभोवती हिरवट कडा आली असेल तर घाबरू नका, जास्त उकडल्याने येते, पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह. खायला चालतं.

*

आमच्या धाकट्याला ती कडा दिसली की अंडं "आजारी" वाटतं, खातच नाही 😄 पालकाच्या ग्रेव्हीत टाकलं की सगळंच हिरवं, खपून जातं. बाय द वे मायक्रोवेव्हचा ट्रे कडक डाग पडलेला असेल तर काय लावता?

*

वाटीत पाणी आणि लिंबाची साल, पाच मिनिटं गरम करून दार बंदच ठेवायचं. मग पुसायचं.

*

थँक्यू, करते लगेच

*

केक केल्यावर अंड्यातलं पांढरं उरतं त्याचं काय करता? बलक वापरून झाले.

*

पांढरं सरळ फ्रीज करा, बर्फाच्या ट्रेमध्ये, नंतर पालकाच्या ऑम्लेटमध्ये एका अंड्याबरोबर दोन तुकडे. बलक उरले तर तसेच फ्रीज करू नका, चिकट जेलसारखे होतात, चिमूटभर मीठ किंवा साखर मिसळून ठेवायचे.

*

आत्ता किचनमधूनच टाइप करतेय, कालचा पास्ता आहे, सुकलाय. पालक आहे. अंडी चारच आहेत, माणसं तीन. होईल का?

*

होईल की. पास्त्यावर दोन चमचे गरम पाणी शिंपडून मोकळा करून घे, पालक पिळून. अंड्यात थोडं दूध घाल म्हणजे पुरेल. पास्त्यात आधीच मीठ आहे, चीज पण खारट, तेव्हा वरून मीठ चाखूनच. छोटा पॅन घे, म्हणजे जाड होईल, आणि आच मंद. पलटायच्या भानगडीत पडू नकोस, झाकण ठेव.

*

ओके झाकण ठेवलं. वास भारी सुटलाय, दोघं येऊन ओट्याला टेकून उभी राहिलीत.