न्यूयॉर्कमधील व्हेनेझुएलन उपाहारगृहात माळकऱ्यांनी काय मागवावे?

प्रश्न : निवृत्त शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी नोकरीनिमित्त न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स भागात राहते आणि येत्या डिसेंबरात आम्ही उभयता प्रथमच तिच्याकडे जात आहोत. तिच्या शेजारी व्हेनेझुएलाचे एक कुटुंब राहते. मुलगी आजारी असताना या मंडळींनी तिची घरच्यासारखी काळजी घेतली. आम्ही येणार हे कळल्यापासून त्या घरच्या आजींनी आम्हा दोघांना आपल्या देशाच्या पद्धतीच्या उपाहारगृहात जेवायला न्यायचे ठरवूनच टाकले आहे. हे आमंत्रण आम्हाला फार मोलाचे वाटते. ते टाळायचे नाही, आणि तेथे बसून नुसते पाणी पिऊन उठायचे, असेही करायचे नाही.

अडचण अशी की आम्ही दोघेही माळकरी आहोत. मांस, मासे आणि अंडे आम्ही खात नाही. चातुर्मास तोवर संपलेला असल्याने कांदा-लसणाची अडचण नाही, आणि दूध, दही, लोणी सर्व चालते. व्हेनेझुएलाच्या जेवणात आमच्या पानात काय पडू शकेल, ते मागवताना काय विचारावे आणि यजमानांचे मन न दुखावता ते कसे विचारावे, हे कोणी अनुभवी व्यक्तीने सविस्तर सांगितल्यास उपकार होतील. बिल आणि टिप यांबाबतची तिकडची रीतही कळावी.

उत्तर 1 : आर्वी तालुका, जि. वर्धा

गुरुजी, नमस्कार. नोकरीची बरीच वर्षे क्वीन्समध्ये काढून मी आता गावी परतलो आहे आणि अशा उपाहारगृहांत घरच्या माळकरी मंडळींना घेऊन अनेकदा जेवलो आहे. निश्चिंत मनाने जा. मका, काळा राजमा, केळी आणि पांढरे चीज यांवर व्हेनेझुएलाचे रोजचे जेवण उभे आहे. त्यामुळे मांस वगळले तरी पोटभर जेवण उरते.

तुमच्या पानात मुख्यतः येईल ती अरेपा. ती मक्याच्या पिठाची, तळहाताएवढी आणि चांगली बोटभर जाड असते. पिठात फक्त पाणी आणि मीठ घालून मळतात, थोडा वेळ मुरू देतात, दोन्ही तळहातांमध्ये गोळा फिरवून चपटा करतात आणि बुदारे नावाच्या जाड लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी टाकतात. बाहेरून कडक, फिकट पिवळसर डागांचे कवच आले की बऱ्याच ठिकाणी ती भट्टीत ठेवतात. बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला म्हणजे झाली. ज्वारीच्या भाकरीला जसा पापुद्रा सुटतो तसा तिला सुटत नाही, म्हणून सुरीने कडेने चीर देऊन ती उघडतात, आतला थोडा ओलसर गाभा काढून लोणी लावतात आणि मग सारण भरतात. कागदात गुंडाळून दिलेली अरेपा दोन्ही हातांनी धरून खायची असते. हाताने खाल्ले म्हणून तेथे कोणी पाहत नाही. सगळेच तसे खातात.

सारणांपैकी तुमच्यासाठी सर्वांत योग्य म्हणजे ‘दोमिनो’, म्हणजे काळा राजमा आणि किसलेले पांढरे चीज. त्याबरोबर ‘ताहादास’, म्हणजे पिकलेल्या मोठ्या केळीचे तळलेले गोडसर काप मागवा आणि शक्य असल्यास ते अरेपातच भरून घ्या. खारट चीज, मऊ राजमा आणि गोड केळी एकत्र आली की त्या देशाच्या जेवणाची खरी चव कळते, असे माझे ठाम मत आहे. कच्च्या केळीच्या ठेचून तळलेल्या चकत्या, तळलेला कसावा (साबुदाणा ज्याचा करतात तो कंद) आणि गुआसाकाका ही ॲव्होकॅडो, कोथिंबीर, हिरवी मिरची व व्हिनेगर यांची पातळ हिरवी चटणीही मिळते. हे जेवण तिखट नसते. त्यातली ‘आही दुल्से’ नावाची मिरची दिसायला जहाल असली तरी ती वासासाठी असते. तिखट हवे असेल तर वेगळे मागावे लागते.

आता सावधगिरीचे बोलतो. ‘आम्ही मांस खात नाही’ एवढे सांगून तेथे भागत नाही, कारण स्पॅनिश बोलणाऱ्या बऱ्याच लोकांना त्यातून फक्त गोमांस वगळायचे आहे असे वाटते आणि कोंबडी किंवा हॅम (डुकराचे खारवलेले मांस) घातलेला पदार्थ ते निर्मळ मनाने समोर ठेवतात. म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी सांगावी: सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो. मांस, कोंबडी, हॅम, मासे, अंडे यांपैकी काहीही नको, असा त्याचा अर्थ. त्यानंतर राजम्याबद्दल स्वतंत्र विचारावे. हा राजमा कांदा, लसूण, मिरची आणि जिरे घालून शिजवतात, पण काही स्वयंपाकघरांत चवीसाठी त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा किंवा चरबी घालतात आणि शिजल्यावर ती डोळ्यांना दिसत नाही.

अंड्याचेही पाहावे लागते. अरेपाच्या पिठात अंडे नसते. मात्र तेकेन्योस, म्हणजे चीजभोवती मैद्याची पट्टी गुंडाळून तळलेल्या कांड्या, दिसायला पूर्ण शाकाहारी असल्या तरी त्यांच्या पिठात अनेकदा अंडे असते. ओल्या मक्याच्या दाण्यांची काचापा नावाची गोडसर जाड धिरडी ‘केसो दे मानो’ या मऊ ताज्या चीजबरोबर देतात. तीत कोणी अंडे घालतात, कोणी घालत नाहीत, म्हणून विचारूनच घ्यावी. अंडे नसेल तर ती अवश्य खावी. काकूंना ती अरेपापेक्षाही आवडेल असे वाटते. मेयोनेज (अंडे व तेल घुसळून केलेला सॉस) घातलेले पांढरे सॉस मात्र टाळावेत.

मेन्यूवर सर्वांत ठळक नाव बहुधा ‘रेइना पेपियादा’ या अरेपाचे असेल. 1955 साली सुसाना दुइम या व्हेनेझुएलाच्या युवतीने ‘मिस वर्ल्ड’चा किताब जिंकला, तेव्हा राजधानी काराकासमधल्या एका अरेपा-दुकानाने तिच्या सन्मानार्थ ती प्रसिद्धीस आणली. यजमान मोठ्या अभिमानाने ती सुचवतील, पण तीत कोंबडी, ॲव्होकॅडो आणि मेयोनेज असते. ‘पाबेयॉन क्रियोयो’ या राष्ट्रीय ताटात भात, काळा राजमा, केळीचे काप आणि तंतू-तंतू सुटे केलेले गोमांस असते. ते मांसाशिवाय मागता येते आणि बरीच दुकाने आनंदाने तसे वाढतात.

तुम्ही डिसेंबरात जात आहात म्हणून आणखी एक सांगतो. त्या महिन्यात ‘आयाका’ हा नाताळचा पदार्थ सगळीकडे असतो. केळीसारख्या मोठ्या पानात मक्याचे पीठ पसरून त्यावर सारण ठेवतात, घडी घालतात, दोऱ्याने चौकोनी बांधून उकडतात. बाहेरचे पान पाहून आपल्याकडच्या माणसाचा हात सहज पुढे जातो, पण आत बहुधा गाय, डुक्कर आणि कोंबडी तिन्ही असतात, आणि पीठही चरबी व कोंबडीच्या रश्शात मळलेले असते. त्यातून मांस काढून खाण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच दिवसांतला ‘पान दे हामोन’ हा पावही हॅमचा असतो.

उत्तर 2 : शेतकरी, मोताळा तालुका, जि. बुलढाणा

गुरुजी, मी मका पिकवतो म्हणून पिठाबद्दल थोडे लिहितो. हे पीठ आपल्या चक्कीवरच्या मक्याच्या पिठापेक्षा वेगळे असते. मक्याचे टरफल आणि अंकुर काढून दाणा आधी शिजवतात, त्याचे पोहे करून वाळवतात आणि मग दळतात. पीठ आधीच शिजलेले असल्यामुळे साध्या पाण्यात मळले तरी ते धरून राहते आणि इतकी जाड अरेपा कडेने फाटत नाही. पूर्वी तेथील बाया लाकडी उखळात मका कांडून, शिजवून, दळून रोज हे करीत. लुइस काबायेरो मेहियास या अभियंत्याने 1954 साली या प्रक्रियेचे पेटंट घेतले आणि 1960 पासून एम्प्रेसास पोलार या उद्योगसमूहाने ‘हारिना पान’ या नावाने ते पीठ बाजारात आणले. डोक्याला ठिपक्यांचा रुमाल बांधलेल्या बाईचे चित्र असलेले त्याचे पिवळे पुडके आज जगभर जाते. ते मुख्यतः पांढऱ्या मक्याचे असते.

आमच्या भागातला मका बहुतेक पिवळा. तो कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो, अलीकडे इथेनॉललाही जातो. माणसाच्या ताटासाठी मक्याचे एवढे साधे आणि टिकाऊ पीठ एका देशाने साठ वर्षांपूर्वी घराघरांत पोहोचवले, याचा एक मका उत्पादक म्हणून मला फार आदर वाटतो. तुम्ही परतताना एक पुडके अवश्य आणा. मेक्सिकन पोळ्यांसाठीचे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचे पीठही दुकानात त्याच फळीवर ठेवलेले असते. त्याची अरेपा होत नाही, म्हणून पुडके नीट पाहून घ्यावे.

उत्तर 3 : अचलपूर तालुका, जि. अमरावती

गुरुजी, सादर नमस्कार. माझा मुलगा न्यूयॉर्कला असतो आणि मी त्याच्याकडे राहून आले आहे. खाण्याचे वरच्या भाऊंनी सांगितलेच आहे, म्हणून मी बिलाचे आणि रीतीभातीचे लिहिते.

मेन्यूवरची किंमत ही अखेरची किंमत नसते. शहरात उपाहारगृहाच्या बिलावर 8.875 टक्के विक्रीकर लागतो आणि वाढणाऱ्याला 18 ते 20 टक्के टिप देण्याची पक्की रीत आहे. म्हणजे 60 डॉलरचे जेवण झाले, तर कर आणि 20 टक्के टिप धरून ते 77 डॉलरच्या आसपास जाते. टिपला बक्षीस समजू नये. टिप मिळणार हे गृहीत धरून तेथे वाढणाऱ्यांना मालकाकडून किमान वेतनापेक्षा कमी रोख पगार देण्याची कायद्याने मुभा आहे, त्यामुळे आपण हात आखडला तर ते त्याच्या रोजीवरच येते. मंडळी जास्त असतील तर काही ठिकाणी टिप आधीच बिलात धरतात, एवढे पाहून घ्यावे. काउंटरवरून स्वतः ताट उचलून आणण्याच्या लहान दुकानात एवढी अपेक्षा नसते.

आजींनी आमंत्रण दिले आहे, तेव्हा बिल त्याच देतील आणि त्यावरून ओढाताण करू नये. त्याऐवजी मुलीने त्यांना नंतर घरी जेवायला बोलवावे. काकूंनी तव्यावरची गरम भाकर, वांग्याची भाजी आणि वरण-भात वाढला, तर त्या आजींना तो मोठा मान वाटेल.

एक गोष्ट मनापासून सांगते. गेल्या दहा-बारा वर्षांत व्हेनेझुएलातून 70 लाखांहून अधिक लोक देश सोडून बाहेर पडले आहेत. न्यूयॉर्कमध्येही 2022 पासून फार मोठ्या संख्येने आले. त्यांतले कित्येक जण शेत, दुकान, म्हातारे आई-वडील मागे ठेवून निघालेले असतात. आपल्याकडे सहज विचारतात तसे ‘गाव का सोडले, मागे कोण आहे, परत कधी जाणार’ हे पहिल्याच भेटीत विचारू नये. त्यांनी विषय काढला तर शांतपणे ऐकावे. पदार्थांबद्दल मात्र हवे तेवढे विचारा. काळा राजमा तुमच्याकडे गोड करतात की खारट, एवढे विचारले तरी आजी भरभरून बोलतील, कारण काराकासकडचे बरेच लोक त्यात थोडा गूळ घालतात आणि इतर भागांतल्या लोकांना ते मुळीच पटत नाही.

प्रश्नकर्ते

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, मी ऋणी आहे. दोन शंका उरल्या आहेत. तेथील चीज आम्हाला चालेल का? कारण काही चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजतात असे ऐकले आहे. आणि ज्या तव्यावर मांस परतले जाते त्याच तव्यावर अरेपा भाजतात का?

उत्तर 1 : आर्वी तालुका, जि. वर्धा

गुरुजी, दोन्ही शंका रास्त आहेत. चीज विरजण्यासाठी वापरतात त्या द्रव्याला रेनेट म्हणतात. ते वासराच्या जठरातून काढलेले असते, तसेच सूक्ष्मजीवांपासून केलेलेही असते. उपाहारगृहातल्या वाढणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसते. चीजच्या वेष्टनावर घटक लिहिलेले असतात, ते पाहावे लागते. मुलीने आधी फोन करून त्यांच्या चीजचे नाव विचारले आणि दुकानात ते वेष्टन वाचले, तर खात्री होईल. खात्री झाली नाही तर चीज सोडून द्यावे. राजमा, ॲव्होकॅडो, ताहादास आणि गुआसाकाका भरलेली अरेपा चीजशिवायही उत्तम लागते आणि व्हेनेझुएलन माणसाला त्यात काही वावगे वाटत नाही.

तव्याचे म्हणाल तर लहान दुकानात एकच तवा आणि तळणीची एकच कढई असण्याची शक्यता धरूनच चालावे. अरेपा तव्यावर न टाकता थेट भट्टीत भाजून द्यायला सांगता येते. त्यांना थोडा वेळ जास्त लागतो, पण विनंती केली तर करतात. केळी तळण्याच्या तेलात मांसाच्या एम्पानाडाही (मक्याच्या पिठाच्या करंज्या) तळतात का, हेही त्याच वेळी विचारावे. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात 2003 साली सुरू झालेल्या ‘काराकास अरेपा बार’सारख्या ठिकाणांमुळे त्या शहरात अरेपा सर्वांच्या ओळखीची झाली आणि तिथल्या शाकाहारी ग्राहकांमुळे अशा विनंत्याही दुकानदारांच्या अंगवळणी पडल्या आहेत.

पिण्यासाठी निःशंक मनाने ‘पापेलोन कोन लिमोन’ मागवा. ते गूळ आणि लिंबाचे थंड सरबत असते. तांदूळ, दूध, साखर आणि दालचिनीची गार, दाट चिचाही मिळते. गोडात केसियो (कॅरामलचे पुडिंग) आणि त्रेस लेचेस (दुधात भिजवलेला केक) हे दोन्ही अंड्याचे असतात, ते टाळा. नाताळच्या दिवसांत ‘दुल्से दे लेचोसा’ असेल तर तो घ्या. कच्च्या पपईचे काप गुळाच्या पाकात लवंग घालून शिजवलेले असतात आणि त्यात अंडे नसते.

शनिवार-रविवारी दुपारी ही दुकाने गच्च भरतात आणि आचाऱ्याला वेगळे काही करायला उसंत नसते. आजींना मधल्या वारी, सकाळी अकराच्या सुमारास न्यायला सुचवा, आणि वर लिहिलेली पाच नावे मुलीकडून स्पॅनिशमध्ये एका कागदावर उतरवून घेऊन आजींकडे आदल्या दिवशीच द्या. म्हणजे मागवताना तुमच्या वतीने त्याच बोलतील.