प्रोक्युरमेंट (खरेदी विभाग) हेड झालोय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: नुकताच प्रोक्युरमेंट हेड झालोय, मॅनेजमेंट फक्त सेव्हिंग्ज विचारतं आणि प्रॉडक्शनवाले म्हणतात माल वेळेवर द्या बाकी काही नको, आधी काय हातात घेऊ?

उत्तर 1: आधी स्पेंड डेटा, म्हणजे खरेदीवरच्या खर्चाच्या नोंदी, साफ करून घ्या, एकच व्हेंडर सिस्टिममध्ये दोन-तीन नावांनी असतो मग कुणाला किती पैसे जातात तेच कळत नाही. नंतर क्रालजिक मॅट्रिक्स लावा, 1983 चं आहे पण अजून कामाचं, नफ्यावर परिणाम किती आणि पुरवठ्याची जोखीम किती अशा दोन बाजूंनी प्रत्येक वस्तू बघायची. स्वस्त पण एकाच सप्लायरकडे मिळणारा पार्ट असेल ना तिथे भाव पाडत बसू नका प्लीज, तो अडकला की अख्खी लाइन थांबते, दुसरा सोर्स तयार करा.

उत्तर 2: सहमत. आणि सेव्हिंग्ज कशाला म्हणायचं ते फायनान्ससोबत आधीच लेखी ठरवा. सप्लायरने 10 टक्के वाढ मागितली, तुम्ही 4 वर आणली तर ती कॉस्ट अव्हॉयडन्स, म्हणजे होणारी वाढ टाळली इतकंच, खात्यात खर्च वाढलेलाच दिसणार, वर्षअखेरीला वाद यावरूनच होतात.

उत्तर 3: पेमेंट वेळेवर करायला लावा हो, टंचाईत माल आधी कुणाला द्यायचा हे सप्लायर त्यावरूनही ठरवतो.