सुरमईचा तुकडा बरोबर लागला नाही, तर ताट परत पाठवावं का?

आगळ
मालवणी खानावळीत सुरमई थाळी आली आणि पहिल्याच घासाला तुकड्यात गडबड वाटली. बहुतेक जण गप्प बसतात, रश्शात भात कालवून निभावतात आणि बाहेर पडल्यावर हॉटेलला नावं ठेवतात. माझं मत स्पष्ट आहे: परत पाठवावा, आणि पहिल्या-दुसऱ्या घासालाच पाठवावा. अर्ध्याहून जास्त तुकडा संपला की आत बघायला काही उरत नाही आणि तक्रारीतला दम जातो.

आधी दोष कुठला ते ओळखावं. तुकडा मधल्या काट्यापाशी मोडून बघा. मांस काट्याला घट्ट चिकटलेलं आणि काचेसारखं अर्धपारदर्शक असेल तर तो कच्चा आहे. सुमारे दीड सेंटीमीटर जाडीच्या तुकड्याला मध्यम आचेवर एका बाजूला तीन-चार मिनिटं लागतात. गर्दीत आच वाढवली की रवा लालबुंद होतो आणि गाभा तसाच राहतो. उलट मांस पिठूळ, भुसभुशीत लागलं, काट्यालगत तपकिरी पडलेलं दिसलं आणि आंबूस वास आला, तर मासा जुना आहे. रवा काळपट आणि आतून कोरडा, दोरीदार असेल तर तुकडा आधी अर्धवट तळून ठेवलेला होता आणि ऑर्डर आल्यावर पुन्हा तव्यावर टाकला.

सांगताना दोषच सांगा: "आत कच्चा आहे", "वास येतोय". "चांगला नाही" म्हटलं तर आतल्या माणसाने नेमकं काय करायचं?

पाटावरवंटा
कच्च्याबद्दल वाद नाही. तवा तापलेलाच असतो, दोन मिनिटांत काम होतं. पण जुना मासा परत पाठवण्याला माझा विरोध आहे. त्याच्या बदली येणार काय? त्याच सुरमईचा शेजारचा तुकडा. एक मासा कापला की त्याचे तुकडे एकाच ट्रेमध्ये, एकाच बर्फावर असतात.

शिवाय ताटातून उचललेलं उष्टं झालं, ते सरळ कचऱ्यात जातं. थाळीत भात, भाकरी, रस्सा, सोलकढी चांगली असताना पूर्ण ताट उचलायला लावणं हे अन्नाचं नुकसान आहे, आणि चार टेबलांच्या खानावळीत सगळ्यात महाग वस्तू तो मासाच असतो. तुकडा बाजूला ठेवावा, बाकीचं जेवावं, पैसे देताना गल्ल्यावर शांतपणे सांगावं. मालकाला कळतं, आणि जेवणाऱ्यांसमोर त्याची शोभाही होत नाही.

केओटी
गल्ल्यावर सांगितलेलं स्वयंपाकघरात पोचत नाही, निदान वेळेत पोचत नाही. दुपारी एक ते अडीच या वेळात त्याच ट्रेमधून एकेक तुकडा बाहेर जात असतो. तक्रार लगेच आत गेली तर तो ट्रे थांबतो. पैसे देताना सांगितली तर मधल्या वेळात आणखी लोकांनी तोच मासा खाल्लेला असतो. लाज राखण्याच्या नादात शेजारच्या टेबलाचं नुकसान होतं.

मात्र पाटावरवंटा यांचा एक मुद्दा पक्का आहे: जुन्या माशाच्या बदली तोच मासा मागू नये. तिथे "बदलून द्या" नव्हे, "हा रद्द करा" म्हणायचं आणि दुसरं काहीतरी मागवायचं. अंडा करी किंवा वाटाण्याची उसळ तयारच असते. पूर्ण ताट उचलायला लावायचीही गरज नाही, तुकडा तेवढा वेगळ्या बशीत द्यावा.

आणि सांगायचं कॅप्टनला किंवा मालकाला. वाढणाऱ्या पोऱ्याला ऑर्डरची चिठ्ठी रद्द करायचा अधिकार बहुतेक ठिकाणी नसतो. त्याने आत जाऊन सांगितलं तर आचारी त्याच्यावरच ओरडतो, आणि काही ठिकाणी रद्द झालेल्या पदार्थाचे पैसे त्याच्याच पगारातून कापले जातात. म्हणून "याची चूक नाही" हे कॅप्टनसमोर मोठ्याने म्हणावं. परत पाठवण्याचा भार कुणावर पडतो याचा विचार न करता पाठवणं मलाही मान्य नाही.

शीतसाखळी
इथे सगळे चवीबद्दल आणि भिडेबद्दल बोलताहेत, पण सुरमई, बांगडा, तारली, कुपा या माशांत प्रश्न तब्येतीचा आहे. यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पकडल्यानंतर तो थंड ठेवला गेला नाही तर जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ. हिस्टामीन तळल्याने, उकळल्याने किंवा पुन्हा गोठवल्याने नष्ट होत नाही. म्हणजे "परत नीट तळून द्या" हा इथे उपायच नाही. आणि अशा माशाला वास येईलच असंही नाही, दिसायला तो चांगला असू शकतो.

ओळख झालीच तर जिभेवर होते: मांसच तिखट, मिरपूड लावल्यासारखं चुरचुरतं. पुढे काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी, मळमळ. त्रास सुरू झाला तर डॉक्टरकडे जावं, श्वास लागत असेल तर अजिबात थांबू नये. पापलेट आणि बोंबिलात हा धोका बराच कमी. त्यामुळे "बाजूला ठेवून बाकीचं जेवा" हे मी एका दुरुस्तीसह मान्य करेन: त्याच माशाच्या डोक्या-शेपटीचा रस्सा असेल तर तोही सोडायचा.

पाटावरवंटा
चुरचुरण्यावरून परत पाठवायला लागलो तर बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण रोज परत जाईल. तिरफळाने जीभ बधिर होते, झिणझिणते. शहरातून आलेल्या माणसाला ते माहीत नसतं आणि तो माशाला दोष देतो. चूक नसताना परत गेलेलं कालवण कुणाच्या हिशोबात धरायचं?

शीतसाखळी
रास्त शंका. तिरफळाची झिणझिण रश्शातून येते, तिला लिंबाच्या सालीसारखा वास असतो आणि वाटीत तिरफळाची टरफलं दिसतात. तळलेल्या तुकड्याला तिरफळ लावत नाहीत, तरी मांस चुरचुरलं तर संशय घ्यावा. कालवणात शंका आली तर "तिरफळ आहे का" एवढं विचारावं. उत्तर "नाही" आलं की खाणं थांबवायचं.

ओलंखोबरं
तिरफळाचा मुद्दा आणखी पुढे न्यायला हवा, कारण परत जाणाऱ्या कितीतरी गोष्टींत दोष नसतोच. बोंबील आतून लुसलुशीत, जवळपास पाणचट लागतो. तो माशाचा स्वभाव आहे, त्याच्यात पाणीच फार. उभा चिरून, वजनाखाली दाबून पाणी काढलं तर कुरकुरीत होतो, दाबायचा राहिला तर रवा ओला पडतो. ती आळसाची खूण आहे, शिळेपणाची नाही. तिसऱ्यांच्या सुक्यात न उघडलेली शिंपली आली तर ती जबरदस्तीने उघडू नका, बाजूला काढा. तेवढ्यासाठी वाटी परत पाठवायची गरज नाही. कोळंबीचा काळा दोरा ही तिची आतडी, साफसफाईत राहिलेली. किळस वाटत असेल तर सांगा, पण "कोळंबी सडलीय" म्हणू नका.

याउलट मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्कच्या मटणाला अमोनियाचा उग्र वास आला तर ते लगेच परत. मुशीच्या मांसात युरिया असतो, मासा जुना झाला की त्याचा अमोनिया होतो आणि मसाल्याने तो झाकत नाही. सोलकढीत बुडबुडे आणि आंबलेला वास असेल तर तीही परत. कोकमाचा आंबटपणा स्वच्छ लागतो, नारळाचं दूध आंबल्याचा वेगळा कळतो. इथे भीड कशाला? वाटीभर सोलकढी बदलायला हॉटेलला काहीच जड नाही.

आगळ
बोंबील आणि तिरफळाचं पटलं. "बदलून द्या" ऐवजी "रद्द करा" हेही पटलं. पण नुसती चव आवडली नाही म्हणून परत पाठवणं हे मी कधीच धरलेलं नाही. खारट रस्सा? खानावळीत रस्सा मोठ्या टोपात असतो, तुमच्यापुरता सुधारता येत नाही. पाणी घातलं तर वाटण फिकं पडतं. तिथे जास्तीचा भात मागावा.

केओटी
एक गोष्ट ऑर्डरच्या आधीची. भावाच्या जागी "बाजारभावाप्रमाणे" लिहिलेलं असेल तर भाव विचाराच, आणि तुकडा दाखवायलाही सांगा. बरीच हॉटेलं ट्रे आणून दाखवतात. कच्चा तुकडा घट्ट, ओलसर हवा. मांसाला भेगा आणि कडा पिवळट नकोत. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा मिळणारी सुरमई बहुधा गोठवलेली किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेली असते. तिकडची बंदी १४ जूनला संपते. नीट गोठवलेली सुरमई खायला ठीक असते, थोडी कोरडी लागते. "ताजी आहे का" विचारून ती मागवली आणि मग कोरडी म्हणून परत पाठवली, तर चूक "ताजी" म्हणणाऱ्याची. न विचारता मागवली, तर तुमची.

पाटावरवंटा
एवढ्या अटी घालून परत पाठवायला माझी हरकत राहिली नाही, एक सोडून. रद्द केलेल्या तुकड्याचे पैसे कापून घेतल्यावर "जेवणाची मजा गेली" म्हणून पूर्ण थाळी फुकट मागणारे असतात. जे खाल्लं त्याचे पैसे द्यायचे.

केओटी
द्यायचेच. बिल मात्र वाचून घ्या, रद्द केलेली ओळ गर्दीत तशीच राहून जाते. काढायला नकार दिला तर बिल ठेवा, त्यावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी परवाना क्रमांक असायला हवा. पैशाच्या तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, खराब मासळीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. आणि आपोआप लावलेला सेवा शुल्क नाकारता येतो, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलंय. तो नाकारलात तर वाढणाऱ्या पोऱ्याच्या हातात वेगळी टिप ठेवा. तुमचा तुकडा आत नेऊन बोलणी त्यानेच खाल्लेली असतात.