ऐप्टेशिया मारायला मासा विकत घेऊ नका

खारं_पाणी (धागाकर्ता)
रीफ टँकमध्ये, म्हणजे घरच्या प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, ऐप्टेशिया वाढलाय असं कुणालाही सांगा, पहिलं उत्तर ठरलेलं: "कॉपरबँड बटरफ्लाय मासा आण, सगळं खाऊन टाकेल." या सल्ल्याला माझा साफ विरोध आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ऐप्टेशिया म्हणजे तपकिरी, अर्धपारदर्शक, छोटं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी. लाईव्ह रॉकच्या (सूक्ष्मजीव वसलेल्या समुद्री दगडाच्या) भोकातून किंवा विकत आणलेल्या फ्रॅगच्या (प्रवाळाच्या तुकड्याच्या) बुडाला चिकटून येतं. शेजारच्या झोआंना, मशरूमना (टँकमध्ये पाळतात ते प्रवाळांसारखे मऊ जीव) दंश करतं आणि त्यांची जागा बळकावतं. ओरबाडून काढायला गेलात तर पायाचा जो कण दगडावर उरतो त्यातून नवं फूल तयार होतं. डिवचलं की भोकात आत ओढून घेतं, अंगातून पांढरे दोरे सोडतं, आणि त्या दोऱ्यांतही दंशपेशी असतात.

आता कॉपरबँड. हा मासा समुद्रातून पकडून आणलेला असतो. लांब चोचीने फटीतले किडे टिपून खाणं ही त्याची सवय, त्यामुळे दुकानातलं गोठवलेलं खाणं बरेच जण तोंडातही घेत नाहीत. काही ऐप्टेशिया खातात, काही त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. दोनशे लिटरच्या टँकमध्ये त्याला आणायचं, महिनाभर तो झिजताना बघायचं आणि "नशीब नव्हतं" म्हणायचं, हे मला पटत नाही. जिवंत प्राणी म्हणजे औषधाची बाटली नव्हे.

त्यापेक्षा चुना वापरा. अन्न किंवा प्रयोगशाळा दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात कालवून पळीवाढं करा. पानाच्या टपरीवरचा नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही. कळीचा चुना तर मुळीच नको, पाण्यात पडताच तो तापतो. सगळे पंप बंद करा. फूल पूर्ण उघडलेलं असताना बोथट सुईच्या सिरिंजने हलकेच तोंडावर थर सोडा. घाईने टोचलंत तर ते आत पळतं आणि खेळ संपला. पंधरा-वीस मिनिटांनी पंप सुरू करा. या मिश्रणाचा पीएच बाराच्या वर असतो, म्हणून एका वेळी चार-दोनच फुलं, लहान टँकमध्ये त्याहून कमी. डोळ्यांवर चष्मा हवाच.

जर्सीकर
कॉपरबँडबद्दल शंभर टक्के सहमत, चुन्याबद्दल पूर्ण असहमत. तुम्हाला दिसतात ती फुलं समोरच्या काचेकडची. रॉकच्या मागची, पाणी बाहेर जातं त्या ओव्हरफ्लोच्या जाळीतली, पंपाच्या मागची कोण मारणार? सुई जिथे पोचत नाही तिथूनच पुन्हा सगळीकडे पसरतात. चुन्याने टँक कायमचा साफ झालेला मी तरी पाहिलेला नाही.

उपाय एकच, बर्घिया. जेमतेम इंचभर लांबीची समुद्री गोगलगाय, कवच नसलेली. ऐप्टेशियाशिवाय दुसरं काहीही खात नाही, त्यामुळे प्रवाळांना धोका शून्य. रात्री बाहेर पडते आणि सुई जात नाही त्या फटीत शिरते. इथे अमेरिकेत टँकमध्येच पैदास केलेल्या मिळतात, म्हणजे समुद्रातून ओरबाडण्याचा तुमचा मुद्दाही उरत नाही.

खारं_पाणी
तुमचंच वाक्य पुन्हा वाचा: "दुसरं काहीही खात नाही." मग ऐप्टेशिया संपल्यावर ती काय खाणार? उपाशी मरणार. प्राणी वापरून टाकायचा, हीच तर माझी तक्रार आहे. कॉपरबँडच्या जागी गोगलगाय आली म्हणून ती बदलत नाही.

ठाण्याची_लाट
इथे मी जर्सीकरांच्या बाजूने. बर्घिया उपाशी मरायलाच हवी असं कुणी सांगितलं? माझ्याकडचा ऐप्टेशिया संपत आला तेव्हा मी त्या एका ओळखीच्या टँकमध्ये दिल्या, त्यांनी पुढे तिसऱ्याला. प्रत्येक बर्घिया नरही असते आणि मादीही, त्यामुळे कुठल्याही दोघी जमल्या की काचेवर पांढऱ्या धाग्याचं वेटोळं दिसतं. तीच अंडी. मी एका वेगळ्या डब्यात मुद्दाम ऐप्टेशिया पाळतो, फक्त त्यांच्या खाण्यासाठी.

पण जर्सीकर, "धोका शून्य" म्हणताना हेही सांगा की बर्घियालाच धोका असतो. सिक्सलाईन रॅस मासा तिला टिपतो, पेपरमिंट श्रिंप ही कोळंबीही सोडत नाही. पॉवरहेडला (पाणी ढवळणाऱ्या पंपाला) जाळी नसेल तर आत ओढली जाते. चार-पाच सोडून मोठा टँक साफ होण्याची वाट बघू नका, घोळक्याने सोडाव्या लागतात आणि महिने जातात.

ऐप्टेशिया खाईल म्हणून पेपरमिंट श्रिंप विकत घेणाऱ्यांसाठीही एक सांगतो. त्या नावाखाली कॅमल श्रिंप गळ्यात मारतात. पाठीला कुबड, अंगावर ठळक पांढऱ्या रेघा आणि ठिपके दिसले तर घेऊ नका, तो तुमचे झोआ आणि मशरूमच कुरतडेल.

कोकणकडा
एवढा खटाटोप कशाला? ज्या दगडावर ऐप्टेशिया आहे तो बाहेर काढा, मोठ्या पातेल्यात खळखळून उकळा, विषय संपला. नाहीतर दगड फेकून द्या आणि मालवणहून नवे आणा. फुकट मिळतात.

निळाई
कोकणकडा, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. दगडावर झोआ किंवा त्यांचेच भाऊबंद पॅलिथोआ असतील, किंवा त्यांचा वाळका अंशही असेल, तर त्यांच्या अंगात पॅलिटॉक्सिन असू शकतं. हे १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआतून वेगळं काढलेलं, ज्ञात विषांतल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. उकळून ते नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरतं. ताप, खोकला, श्वास लागणं, डोळ्यांची आग. २०१८ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टँकमधलं प्रवाळ साफ करताना एका घरातली सगळी माणसं इस्पितळात गेली, मदतीला आलेल्यांनाही न्यावं लागलं. स्वयंपाकघरात, लहान मुलं असलेल्या घरात हे करायला सांगताय तुम्ही. झोआ असलेला दगड उकळायचा नाही, कोरडा घासायचा नाही, गरम पाण्याचा फवाराही मारायचा नाही. हात घालायचा तर हातमोजे आणि चष्मा.

मालवणच्या दगडांबद्दल: कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत. म्हणजे वाघाच्याच यादीत. असा दगड उचलणं हा गुन्हा आहे, आणि ते खडक आहेत तिथेच राहिले पाहिजेत.

कोकणकडा
वाफेचं माहीत नव्हतं. दोन्ही सल्ले मागे घेतो. कुणी वाचून करू नका.

शांत_रीफ
मला मुळात मारण्याचाच हट्ट कळत नाही. प्रवाळांचं ब्लीचिंग (शैवालं गमावून पांढरं पडणं) समजून घ्यायला शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत हाच ऐप्टेशिया वापरतात, कारण त्याच्या पेशींत प्रवाळांसारखीच शैवालं राहतात. २०१५ साली त्याचा जीनोमही, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, प्रसिद्ध झाला. टँकमध्ये खाणं कमी टाका, नायट्रेट-फॉस्फेट खाली आणा, तो आपोआप आटोक्यात राहतो. सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) चार असले तर असू द्या की.

जर्सीकर
सम्पमध्ये चार म्हणजे काही महिन्यांनी डिस्प्लेमध्ये, म्हणजे मुख्य टँकमध्ये, चाळीस. खाणं कमी करून तो वाढायचा थोडा थांबेल, पण मरणार नाही. प्रकाश असेल तर शैवालांवर जगतो, अंधार केलात तर शैवालं गमावून पांढरा पडतो आणि पाण्यातलं मिळेल ते खाऊन तग धरतो. त्याच्या आधी तुमचे प्रवाळ उपाशी मरतील. प्रयोगशाळेत तो इतका आवडता आहे तो याच चिवटपणामुळे.

खारं_पाणी
शांत_रीफ, खाणं कमी करण्याबद्दल सहमत, पण ते सुरुवातीला. पसरल्यावर त्याने भागत नाही.

ठाण्याची_लाट यांनी सांगितलेली बर्घियाची साखळी मला मान्य आहे. तिथे प्राणी संपवला जात नाही, पुढच्या घरी जातो. मग अट एवढीच घाला: पुढचा टँक ठरल्याशिवाय बर्घिया घ्यायची नाही. कॉपरबँडबद्दल मात्र एक पाऊलही मागे येणार नाही. दुकानदार "खातो" म्हणाला तर त्याला समोर खाऊ घालून दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर तो मासा घेऊ नका, टँक कितीही मोठा असो.

आणि फूल एक-दोनच असतील तर आजच चुना लावा. बर्घियाची वाट बघत बसलात तर ती येईपर्यंत पन्नास झालेली असतील.

जर्सीकर
एक-दोन असतील तर चुना, हे चालेल. दहाच्या वर गेले की माझं मत तेच.

ठाण्याची_लाट
अट मान्य. माझ्याकडे आत्ता अंडी फुटून पिल्लं वाढतायत. मुंबई-पुण्यात कुणाच्या टँकला हवी असतील आणि रॅस नसेल तर कळवा. मे महिन्याच्या उन्हात कुरियरने पाठवणार नाही, थर्मोकोलच्या डब्यात घालून सकाळच्या गाडीने स्वतः घेऊन येईन.